प्रिय जावा, तुझं काय काय बदललं ते सांगते

प्रिय जावा,

आज तुझ्या क्लचचं झाकण शेवटचं आवळलं, हात डिझेलच्या फडक्यानं पुसले आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. समोरच्या फळीवर तुझ्यातून काढलेल्या वस्तू ओळीनं मांडल्यात. सहा व्होल्टचा डायनॅमो, जिकोव कार्बोरेटर, कनेक्टिंग रॉडमधला पितळी बुश, कॉर्कच्या क्लच प्लेटी, एक तुटकी रिंग. सहा वर्षांत तुझ्यातून मी एवढं काढलं आणि त्या जागी दुसरं बसवलं. मला कुणी जाब विचारला नाही. माझे वडील, आबा, असते तर त्यांनी विचारला असता. ते नाहीत, म्हणून हा हिशेब तुझ्यापुढे ठेवते.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 55 फूट 7 इंचांपर्यंत चढलं. धोक्याची पातळी 43 फुटांची. आमच्या प्रयाग चिखलीतून दादानं आधी जनावरं सोडली, मग वहिनी आणि आईला घेऊन सोनतळी गाठली. मी कोल्हापूर शहरात होते, फोनवर होते. धान्याची पोती माळ्यावर टाकलीस का, कागदपत्रं घेतलीस का, सगळं विचारलं. तुझी आठवण मला तिसऱ्या दिवशी आली. तोवर गोठ्याच्या कौलांपर्यंत पाणी होतं.

पाणी ओसरल्यावर तू भिंतीला टेकलेली सापडलीस. टाकीपर्यंत गाळ, सायलेन्सरमध्ये गाळ, हेडलाइटच्या काचेआड गढूळ पाणी तसंच साठलेलं. भाच्याला वाटलं, सुरू झाली तर आत्याला बरं वाटेल. त्यानं दोन किका मारल्या. आतून जो खरखर आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. पुरातून निघालेल्या इंजिनाला किक मारायची नसते, हे मी त्याला वेळेत सांगितलं नव्हतं. तुझ्यासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. म्हणजे क्रँककेसमध्ये बसलेला गाळ प्रत्येक किकेबरोबर बेअरिंगच्या गोळ्यांमधून फिरतो आणि पोर्टमधून पिस्टनच्या अंगाला लागतो. त्या दोन किकांनी किती घासलं गेलं ते नंतर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात मायक्रोमीटरवर दिसलं.

त्या संध्याकाळी भंगारवाला आला होता. त्यानं वजनावर भाव सांगितला. दादा माझ्याकडे बघत राहिला, आणि मी म्हटलं, गाडी मी उघडणार.

तू घरात आलीस 1971 मध्ये. आबा गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. करवीर, पन्हाळा, गगनबावडा, जिथे म्हैस अडली तिथे तुझ्यावरून जायचे. मागच्या कॅरिअरला औषधांची पेटी, हँडलला दोरखंड. आईला एकच जाऊ. तुझं नाव ऐकून ती म्हणाली होती, ही दुसरी आली. दर खंडेनवमीला हळदीकुंकू लावताना ती तुला खरंच जावेसारखी बोलायची, कुठं कुठं फिरून आलीस गं.

तुझं माहेर मात्र लांबचं. फ्रांतिशेक यानेचेक या शस्त्रं बनवणाऱ्या माणसानं 1929 मध्ये प्राग शहरात वाँडरर नावाच्या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली. रोमन लिपीत लिहिलेल्या यानेचेकमधला ‘जा’ (Ja) आणि वाँडररमधला ‘वा’ (Wa) मिळून तुझं नाव झालं. भारतात तुला रुस्तुम आणि फारुख इराणी यांनी आणलं. म्हैसूरच्या यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना 1961 मध्ये सुरू झाला. तू तिथून निघाल्यावर दोन-तीन वर्षांत तिथल्या गाड्यांवर ‘येझदी’ हे नाव आलं. इराणींचे पूर्वज इराणच्या यझ्द शहराकडचे, त्यावरून ते नाव. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. लहानपणी मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मला वाटायचं तू चिखलीचीच.

गाडी उघडणार म्हणाले खरं, पण मी भौतिकशास्त्र शिकवणारी बाई. पाना धरायची सवय नव्हती. पहिले दोन महिने फक्त धुण्यात गेले. प्रत्येक भाग डिझेलमध्ये, मग ब्रशनं, मग हवेच्या नळीनं. काढलेला नट आणि बोल्ट त्याच्याच जागेचं नाव लिहिलेल्या पिशवीत. हे शिस्तीचं काम मला जमायचं, कारण प्रयोगशाळेत मी वीस वर्षं तेच केलं आहे.

मग क्रँककेस. तिचे दोन अर्धे ॲल्युमिनियमचे आणि त्यात पोलादी बेअरिंगं घट्ट बसलेली. हातोडीनं ठोकून काढली तर ॲल्युमिनियमचं भोक फाटतं आणि नवं बेअरिंग सैल बसतं. कितीतरी मेस्त्रींनी तसं ठोकलेलं मी नंतर पाहिलं. दरवर्षी मी अकरावीला गोळा आणि कडी घेऊन उष्णतेनं होणारं प्रसरण शिकवते. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, हा आकडा मी हजारदा फळ्यावर लिहिला असेन. वहिनीच्या ओव्हनमध्ये तुझी क्रँककेस ठेवली, पाण्याचा थेंब टाकला की चर्रर्र होऊन उडेल इतकी तापवली, उलटी धरली आणि लाकडावर हलकेच आपटली. जुनं बेअरिंग आपोआप खाली पडलं. नवी बेअरिंगं रात्रभर फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवली होती. ती तापलेल्या क्रँककेसमध्ये बोटानं ढकलली तर टक्क आवाज करून तळाशी बसली. ठोकायला लागलं नाही, दाबायलाही नाही. त्या क्षणी मी रडले. वहिनीनं ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही असं ठरवून तो मला कायमचा दिला.

ऑइल सील दोन्ही बाजूंच्या बदलल्या, आणि त्या नव्या जातीच्या रबराच्या घेतल्या. यात जुनेपणाचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. तुझी डावीकडची सील गेली की गिअरबॉक्सचं तेल क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहतो. उजवीकडची गेली तर बाहेरची हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. आबांच्या शेवटच्या वर्षांत तू फार धूर सोडायचीस. लोक म्हणायचे, जुनी झाली आता. थोडक्या खर्चाची एक सील गेली होती, इतकंच ते होतं.

बोअरिंगच्या कामात मला सगळ्यात जास्त ठेच लागली. तुझा मूळ बोअर 65 मिलिमीटरचा, स्ट्रोक 75. आबांच्या हयातीत दोनदा बोअर मोठा झाला होता, आणि गाळानं ओढलेल्या चरांमुळे तिसऱ्यांदा तेवढ्यावर भागणार नव्हतं. नवी स्लीव्ह घालायची ठरली. एका वर्कशॉपनं ती घातली, बोअर केला, पण पोर्टच्या कडा तशाच धारदार सोडल्या. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीतच खिडक्या असतात. रिंग त्या खिडकीवरून जाताना किंचित बाहेर फुगते, आणि कडा मारलेली नसेल तर तिथे अडकते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. 2021 च्या फेब्रुवारीत तू सुरू झालीस, आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, आणि वीस-बावीस किलोमीटरवर केर्लीच्या पुढे तू एक कर्कश आवाज करून थांबलीस. रिंग तुटली होती. तिच्या तुकड्यानं नव्या स्लीव्हला खोल ओरखडा काढला होता.

मग मी उद्यमनगरात एका वयस्कर टर्नरकडे गेले. कोल्हापूरच्या त्या गल्ल्यांत अजून जुन्या पिढीतले कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव आदरानं घेतात, आणि हातानं शिकलेल्या माणसाला तिथे पदवीवाल्यापेक्षा कमी समजत नाहीत. त्यांनी सिलिंडर उजेडाकडे धरला, पोर्टच्या कडेवर करंगळीचं नख फिरवलं आणि म्हणाले, “बाई, हितं नख अडकतंय न्हवं, तर रिंग अडकणारच की.” पुढचा सिलिंडर त्यांनी पिस्टन हातात घेऊन, पिस्टन मोजून, त्या पिस्टनापुरताच बोअर केला. कडा मारायला त्यांनी यंत्र वापरलं नाही. बारीक कानस घेऊन प्रत्येक खिडकीच्या चारी बाजू त्यांनी हातानं घासल्या आणि मला एक खिडकी घासायला दिली. मागच्या पोर्टची डावी खिडकी माझी आहे. रॉडच्या वरच्या टोकाला पितळी बुशऐवजी सुईसारख्या रोलरचं बेअरिंग त्यांच्याच सांगण्यावरून बसवलं. कमी तेलात ते जास्त टिकतं.

त्याच वर्षी जुलैत दोन गोष्टी एकाच पंधरवड्यात झाल्या. केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले, आणि पंचगंगा पुन्हा चिखलीत शिरली. या वेळी तुझी चेसिस तुळईला दोरानं टांगलेली होती आणि इंजिन माझ्या शहरातल्या घरी पेटीत होतं. गाळ आला, पण तुला लागला नाही.

पूर ओसरल्यावर मी ते नियम नीट वाचले. तुला नुकती पन्नास वर्षं झाली होती. नवी नोंदणी केली तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. फी वीस हजार. गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. आणि रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती, अशा ठरावीक कामांसाठीच. तो नियम चांगला आहे. ज्यांच्या गाड्या जपून ठेवायच्या आहेत, परदेशातून आणलेल्या आहेत, त्यांना त्यानं कायद्याचं छत मिळालं. पण मी तुझ्याकडे पाहिलं आणि मला आबांची औषधांची पेटी दिसली. वर्षातून दोनदा पुसून मैदानात उभी करायला मी तुला गाळातून काढलं नव्हतं. तुझी साधीच नोंदणी मी पुढे चालू ठेवली. इंजिन नंबर तोच, चेसिस नंबर तोच, तपासणीला तू स्वतःच्या चाकांवर गेलीस.

रस्त्यावर राहायचं ठरलं की मग वीज बदलावी लागली. तुझा डायनॅमो सहा व्होल्ट, पंचेचाळीस वॅटचा. तेवढ्यात हेडलाइट, मागचा दिवा, हॉर्न आणि ठिणगी सगळं भागवायचं. गगनबावड्याच्या रस्त्यावर पावसात तो पिवळा उजेड मला लहानपणापासून आठवतो. आबा खड्डा दिसायच्या आधी ओळखीनं चुकवायचे. मी तसं करू शकत नाही, शिवाय समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे आता तसे राहिले नाहीत. तेवढ्याच वॅटला सहा व्होल्टमध्ये बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, आणि तारेत वाया जाणारी उष्णता चौपट होते. जुन्या, गंजलेल्या जोडांमध्ये तुझा अर्धा उजेड जिरत होता. डायनॅमो काढून त्या जागी बारा व्होल्टचा अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. ते चेक देशातल्या वापे कंपनीचं आहे. तुझ्या माहेरीच अजून तुझ्यासाठी कुणी वीज बनवतं, हे कळल्यावर मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. पॉइंटमधलं 0.4 मिलिमीटरचं अंतर दर काही दिवसांनी फिलर घालून तपासायचं काम संपलं. ते काम आबा रविवारी सकाळी चहाआधी करायचे. म्हणून तो फिलर मी तुझ्या हत्यारांच्या कप्प्यातच ठेवलाय.

पेट्रोलचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते आमच्याच उसाचं आहे, दादाचाही ऊस कारखान्याला जातो, त्यामुळे त्याच्याविषयी वाईट बोलायला माझी जीभ धजत नाही. पण तुझ्यासाठी ते परकं आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुन्या जातीच्या रबराला फुगवतं. आणि वजनानं पाहिलं तर पेट्रोलच्या एका भागाला जळायला जवळजवळ पावणेपंधरा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच. म्हणजे जुन्या जेटवर तुला पेट्रोल कमी पडणार, तू तापणार आणि पिस्टन धरणार. जिकोवची स्लाइड तशीही झिजून हवा खात होती. तिथे मिकुनी पद्धतीचा कार्बोरेटर बसवला, मेन जेट एक पायरी मोठा घेतला, आणि घाट चढून आल्यावर दरवेळी प्लग काढून त्याचा रंग पाहिला. पांढरट, मग फिकट, मग अखेर चहासारखा तांबूस. नळ्या, वायसर, कॉकमधलं रबर सगळं इथेनॉल सोसणारं.

टाकी आतून गंजली होती. ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं भरली, मध्ये साधी लोखंडी सळई लोंबकळती सोडली, टाकीला चार्जरचं ऋण टोक आणि सळईला धन टोक जोडलं. स्टेनलेसची सळई घ्यायची नाही, तिच्यातून विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजनचे बुडबुडे निघतात म्हणून सगळं परसात, उघड्यावर. तीन दिवसांनी आत बोट घालून फिरवलं तर काळा, गुळगुळीत पत्रा लागला. भाच्याला मी म्हटलं, हा प्रयोग तुझ्या बारावीच्या पुस्तकात आहे. तो दोन दिवस तुझ्याजवळून हलला नाही.

आता जे सांगायला जड जातं ते. तुझ्या मडगार्डवरच्या सोनेरी रेघा गेल्या. म्हैसूरमध्ये कुणीतरी हातानं ओढलेल्या त्या रेघा गाळातूनही वाचल्या होत्या. रंगाचं काम दिलं त्या दिवशी मला परीक्षेची ड्यूटी होती. परत आले तोवर सगळं घासून कोरा पत्रा झाला होता. घासणाऱ्याचा दोष नाही, त्या वाचवायच्या आहेत हे मी सांगायला हवं होतं. मरून रंग मिळाला, टाकीच्या क्रोमच्या बाजूही झाल्या. रेघा नंतर ट्रॅक्टरवर नावं रंगवणाऱ्या एका पेंटरनं लांब केसांच्या ब्रशनं एका दमात ओढल्या. सुंदर आहेत. पण त्या नव्या आहेत, आणि डावीकडे जिथे आबांच्या बुटानं रेघ पुसट झाली होती तिथे आता ती ठसठशीत आहे. तेवढी मी तुझी अपराधी आहे.

काही गोष्टींना मी हात लावला नाही. पुढे डिस्क ब्रेक बसवा असं चार जणांनी सुचवलं. तुझ्या सोळा इंची चाकांना आणि त्या सस्पेन्शनला तो जोर सोसवेल असं मला वाटेना. ड्रम ठेवले, लायनिंग ॲस्बेस्टॉस नसलेलं लावलं, आणि ड्रमच्या गोलाईला बसेल असं घासून घेतलं. जुन्या लायनिंगची धूळ फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, हे भाच्याला शिकवलं. साखळीवरचं पूर्ण झाकण तसंच आहे, कारण त्यासारखं शहाणपणाचं काम पुढच्या कित्येक गाड्यांत कुणी केलं नाही. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, तेही तसेच. आणि तो गिअरचा दांडा, जो आत दाबून वर वळवला की किक होतो, किक मारली की परत गिअर होतो, आणि गिअर टाकताना क्लचही तोच उचलतो. बटणानं सुरू व्हायची सोय करू का, असं विचारणाऱ्याला मी सरळ नाही म्हटलं. कॉर्कच्या प्लेटी मात्र पुरात फुगून निकामी झाल्या होत्या, तिथे नव्या जातीच्या घातल्या. दांडा त्यांनाही तसाच उचलतो.

2023 च्या दसऱ्याला तिसऱ्या किकेला तू सुरू झालीस. आईनं कुंकू लावलं तेव्हा तुझा ठोका अजून बसायचा होता, दोन ठोके नीट आणि एक गाळलेला. आबा लिटरला 40 मिली तेल घालायचे. पहिल्या पाचशे किलोमीटरला मी थोडं जास्त घातलं. त्यानंतर तू मला पन्हाळ्याला नेलंस, गगनबावड्याला नेलंस, आणि या जूनमध्ये कॉलेजला रोज नेलंस. आबा म्हणायचे, “पोरी, गाडी मारायची न्हाई, चालवायची.” मी चालवते.

एकच काम राहिलंय, ते या आठवड्यात संपेल. गोठ्याच्या मागच्या भिंतीला लागून जिन्याशेजारी सिमेंटचा उतार बांधलाय, माळ्यापर्यंत. चढ फार होऊ नये म्हणून त्याला एक वळण दिलंय. वरच्या कडीला कप्पी आहे, दोर आहे. पंचगंगा 39 फुटांवर आली, इशारा निघाला, की टाकी रिकामी करायची, बॅटरी काढायची, आणि तुला वर चढवायचं. जनावरांच्या आधी नाही. जनावरं सुटली की लगेच. भाच्यानं परवा एकट्यानं करून पाहिलं, अकरा मिनिटं लागली. उद्या वहिनी करून बघणार आहे.

तुझी,
चिखलीची पोर